बटाट्यावरचा पिसू भुंगेरा: पंप उचलण्याआधी मोजणी कशी करायची

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारात बटाटा हे काही मुख्य पीक नाही. केळी, कापूस, मका, हरभरा सांभाळून उरलेल्या एखाद्या बिघ्यात, नदीकाठच्या पोयट्याच्या वावरात रब्बीला बटाटा टाकायचा, अशीच बहुतेकांची पद्धत. त्यामुळे पुणे-सातारकडच्या बटाट्याच्या गावांत जसं शेजारच्या आबांना विचारलं की उत्तर मिळतं, तसं इथे मिळत नाही. पानाला बारीक भोकं दिसली की माणूस एक पान तोडतो, खिशात घालतो आणि थेट औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहतो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. पान बघून मला बाटली मिळाली, मी ती फवारली. आठ दिवसांनी नीट बसून पाहिलं तेव्हा कळलं की ती भोकं जुनी होती आणि नव्या पानांवर तेव्हाही काही नव्हतं. भुंगेरे मी पंप भरायच्या आधीच निघून गेले होते. पांढरी माशी मात्र त्यानंतर पानापानाखाली दिसायला लागली.

म्हणून या लेखात औषधांची यादी नाही. पहिल्यांदाच बटाटा लावणाऱ्याने पिसू भुंगेऱ्यावर नजर कशी ठेवायची, मोजायचं काय, कधी आणि कुठे, एवढंच सांगतो.

आधी ओळख

पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक मोठं कुळ आहे, त्यातला हा एक बारीक गट. लांबी दीड ते तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापासून तिळाएवढा. रंग काळा किंवा काळपट तपकिरी, काहींच्या पाठीवर निळसर चमक. मागच्या पायांच्या मांड्या फुगीर असतात आणि त्यांच्या जोरावर तो पिसवासारखी उडी घेतो, म्हणून नाव पिसू भुंगेरा. नाशिककडे द्राक्षबागेत ज्याला उडद्या म्हणतात तो याच कुळातला, पण कीटक वेगळा. द्राक्षाचं फवारणीचं वेळापत्रक बटाट्याला लावू नका.

मोबाइलवर शोधाल तर बहुतेक फोटो परदेशातले येतील. तिकडे बटाट्यावर एपिट्रिक्स वंशातल्या जाती असतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एपिट्रिक्स ट्युबेरिस या जातीच्या अळ्या तर थेट कंदात शिरतात. पोर्तुगाल आणि स्पेनमध्येही या वंशातल्या जातींनी कंदांची साल खराब केली, आणि युरोपीय संघाला २०१२ मध्ये त्यासाठी खास नियम करावे लागले. भारतात वांगी-बटाट्यावर सायलिओडिस वंशातले पिसू भुंगेरे नोंदले गेले आहेत. तेव्हा तिकडचे कंदांचे भयंकर फोटो पाहून इथे घाबरून जायचं कारण नाही. याच शोधात तुम्हाला पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला गोलसर भुंगेराही दिसेल. तो कोलोरॅडो भुंगेरा, आणि तो भारतात नाही.

भोक वाचायला शिका

सगळ्या मोजणीचा पाया इथेच आहे, म्हणून थोडा वेळ देतो.

भुंगेरा पान कडेने कुरतडत नाही. पानाच्या पृष्ठभागावर एका जागी बसून तो हिरवा गर खरवडतो आणि बारीकसा खळगा करतो. तळाशी पातळ पापुद्रा राहतो. पान उन्हाकडे धरलं तर तिथे काचेसारखा ठिपका दिसतो. दोन-तीन दिवसांत तो पापुद्रा वाळून गळतो आणि आरपार गोल भोक पडतं. अशी भोकं सहसा तीन मिलिमीटरच्या आतली असतात. संख्या वाढली की पान छर्रे मारल्यासारखं दिसतं.

आता यातली मेख. कोवळ्या पानावर पडलेलं भोक पान वाढेल तसं मोठं होत जातं. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी पडलेली बारीक छिद्रं आज मोठी आणि भयानक दिसतात, आणि भुंगेरा तर केव्हाच गेलेला असतो. खालच्या पानांवरची भोकं बघून घेतलेला निर्णय म्हणूनच चुकतो. ताज्या खुणा ओळखायच्या त्या अशा: काचेसारखा ठिपका, किंवा भोकाची कड अजून हिरवी आणि ओलसर. कड तपकिरी, वाळलेली असेल तर ती जुनी गोष्ट. आणि पाहायचं ते वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर.

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग शंभर-दीडशे रुपयांत मिळतं. ते नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनही काम भागतं.

वांग्याचा शेजार

खान्देशात या किडीची गोष्ट वांग्याशिवाय पुरी होत नाही. वांगं आणि बटाटा एकाच कुळातले, आणि या भुंगेऱ्याला दोन्ही चालतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्याचं तर नावच पुरे. ही वांगी पावसाळ्यात लावतात आणि हिवाळाभर वावरात उभी असतात. चातुर्मास संपून चंपाषष्ठीला घरोघरी भरीत होतं, नेमका त्याच सुमारास ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला बटाटा मातीबाहेर डोकं काढत असतो. शेजारच्या वावरात जून झालेली वांगी आणि इकडे लुसलुशीत कोंब. भुंगेऱ्याने कुठे यावं हे वेगळं सांगायला नको.

हे मला पुस्तकाने नाही, आमच्या शेजारच्या अण्णांनी दाखवलं. मी बांधावर उभा राहून पानं दाखवत होतो, तर ते म्हणाले, "भाऊ, बांधकडली पानं ते पुरी चायनी व्हई ग्यात, पन मझारली देख." मधली पानं पाहिली तर जवळपास स्वच्छ. बांधाच्या पलीकडे त्यांचीच वांगी होती, आणि हे सांगताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

तेव्हा लावणीच्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर वावराचा साधा नकाशा काढा. कोणत्या बांधाला वांगी, टोमॅटो, मिरची, तंबाखू आहे ते लिहा. बांधावर कामोणी, रिंगणी, धोत्रा ही त्याच कुळातली तणं कुठे माजली आहेत तेही टिपा. भुंगेरा आधी कुठून येईल याचा अंदाज तिथेच येतो. तणं बटाटा उगवायच्या आधी काढा. बटाटा वर आल्यावर काढलीत तर त्यावरचे भुंगेरे सरळ तुमच्या सऱ्यांवर येतील.

कधी जायचं

लावणीनंतर साधारण पंधरा-वीस दिवसांत कोंब वर येतात. त्या दिवसापासून मातीची भर देईपर्यंत, म्हणजे लावणीपासून महिनाभर, आठवड्यातून दोनदा फेरी. नंतर आठवड्यातून एकदा पुरते. फेरीचे वार ठरवून टाका, मंगळवार-शनिवार किंवा तुमच्या बाजाराच्या दिवसाला धरून, म्हणजे चुकत नाही.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. डिसेंबरात धुळ्या-साक्रीकडे पहाटे जी थंडी पडते त्यात हा कीटक गारठून ढेकळाखाली, पाचोळ्यात दडून बसतो. सात वाजता जाऊन "काहीच नाही" असं लिहून आलात तर ती नोंद खोटी ठरते. ऊन अंगाला लागायला लागलं, वारा फार नाही, अशी वेळ धरा. ढगाळ दिवस असेल तर तसं वहीत लिहा, कारण त्या दिवशीचा आकडा कमीच येणार.

मोजणी, पायरीपायरीने

एका एकरापर्यंतच्या वावरात पाच जागा आणि प्रत्येक जागी चार झाडं, अशी वीस झाडं पुरतात. दोन जागा वांग्याकडच्या बांधाजवळ घ्या, तीन आत. झाड डोळ्यांनी निवडू नका. डोळा नेहमी भोकं पडलेल्या झाडाकडेच जातो. दहा पावलं टाका, पाऊल जिथे पडेल त्याच्या जवळचं झाड घ्या. ते स्वच्छ असलं तरी तेच मोजायचं.

मग सगळ्यात अवघड भाग. झाडाजवळ जाताना ऊन तोंडावर घ्या, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. सावली पानावर पडली की भुंगेरे टिपकन उडतात आणि मातीत दिसेनासे होतात. दोन पावलं अलीकडे थांबा, वाका, आणि पानाला हात न लावता आधी वरची पानं मोजा. काळा चकचकीत ठिपका हलतो का ते क्षणभर बघा, कारण मातीचा खडा आणि भुंगेरा लांबून सारखेच दिसतात. मग काडीने पान हळूच उलटवून खालची बाजू. एका झाडाला अर्धं मिनिट पुरतं. पहिल्या दोन फेऱ्यांत तुमच्या हातून निम्मे उडून जातील, पण चौथ्या फेरीला डोळा बसतो.

झाडं वीतभर उंच झाली की मी एक वेगळी रीत वापरतो. पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर साबणाचं पाणी घ्यायचं, ट्रे झाडाच्या बुडाशी तिरका धरायचा आणि झाड हाताने दोनदा झटकन हलवायचं. उडी मारणारे पाण्यात पडतात आणि साबणामुळे वर येऊ शकत नाहीत. कोरड्या ताटात हे जमत नाही, पडल्या पडल्या ते पुन्हा उडतात. साबण न विसरता घ्या.

प्रत्येक जागी एका झाडाच्या वरून तिसऱ्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. त्या पानाच्या टोकाच्या मोठ्या पाकळीवरची भोकं मोजून लिहा. पुढच्या फेरीला दोऱ्याच्या वर आलेलं नवं पान बघा. ते स्वच्छ असेल तर भुंगेऱ्यांचा जोर ओसरला आहे, मग खालचं पान कितीही चाळणी झालेलं असो. नव्या पानावर काचेसारखे ठिपके वाढत असतील तर हल्ला चालू आहे. पाच दोरे, दहा मिनिटांचं काम, पण मला सगळ्यात जास्त याच दोऱ्यांनी शिकवलं.

पिवळे चिकट सापळे

कापसात पांढऱ्या माशीसाठी लावतो तेच पिवळे सापळे इथेही चालतात. एकरी चार-पाच पुरे, त्यातले दोन वांग्याकडच्या बांधाला. सापळ्याची खालची कड झाडाच्या शेंड्याला जेमतेम टेकेल एवढा खाली लावा आणि झाड वाढेल तसा वर सरकवा. कापसातल्यासारखा कमरेएवढा उंच लावला तर पिसू भुंगेरा त्यावर फारसा सापडत नाही. घरीही करता येतो: जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा, पिवळा रंग, वरून एरंडेल तेल किंवा ग्रीस. आपल्याकडे धूळ फार, चार-पाच दिवसांत पृष्ठभाग मातकट होऊन चिकटपणा जातो, तेव्हा पुसून पुन्हा तेल लावा.

सापळा तुम्हाला भुंगेरे यायला लागले की नाही एवढं लवकर सांगतो. फवारायचं की नाही हे सापळ्यावरून ठरवू नका, ते झाडावरच्या मोजणीवरूनच.

वहीतला हिशोब

वहीत रकाने थोडेच: तारीख, वेळ, ऊन की ढग, झाडाची उंची, बांधाकडच्या आठ झाडांवरचे भुंगेरे, आतल्या बारा झाडांवरचे भुंगेरे, दोऱ्याच्या वरच्या पानाची स्थिती. बांध आणि आत हे दोन आकडे वेगळे ठेवा, ते एकत्र करू नका.

समजा वीस झाडांवर तीस भुंगेरे मिळाले. सरासरी दीड, म्हणजे फार नाही असं वाटेल. पण त्यातले सव्वीस बांधाकडच्या आठ झाडांवर असतील तर तिथे झाडामागे तीनच्या वर आहेत, आणि आत बारा झाडांवर चारच. आता उत्तर बदललं. करायचं असेल ते बांधाकडच्या काही सऱ्यांपुरतं करा, उरलेल्या वावराला हात लावायची गरज नाही.

मग रेघ कुठे ओढायची? वांग्यासाठी अमेरिकेच्या ईशान्य भागातला सल्ला असा आहे: रोप तीन इंचांच्या आत असेल तर झाडामागे दोन भुंगेरे, तीन ते सहा इंचांना चार, सहा इंचांच्या वर आठ. बटाट्याचं कोंब जमिनीतल्या बेण्याच्या जोरावर वाढतं, त्यामुळे वांग्याच्या रोपापेक्षा ते जास्त सोसतं. तरी मी बटाट्यासाठीही हेच आकडे सावधगिरीची रेघ म्हणून धरतो. रेघेच्या खाली असेल तर पंप कोपऱ्यात. रेघेच्या वर असेल तर लगेच फवारत नाही, तीन दिवसांनी पुन्हा मोजतो आणि दोऱ्याच्या वरचं पान बघतो. दोन्ही वेळा वर आणि नवं पानही खाल्लेलं, तरच हालचाल. अपवाद एकच: कोंबं नुकती वर आली आहेत, दोन-तीनच पानं आहेत आणि तीही अर्धी जाळीदार झाली आहेत, तर तीन दिवस थांबू नका.

फवारायचंच झालं तर बाटलीच्या लेबलावर बटाटा हे पीक आणि भुंगेरा ही कीड, दोन्ही छापलेली आहेत का ते स्वतः वाचा, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं पुन्हा पुन्हा मारली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. शंका असेल तर पाल, ममुराबाद, धुळे किंवा कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात वही घेऊन जा. नुसतं पान घेऊन जाण्यापेक्षा तीन फेऱ्यांचे आकडे समोर ठेवले तर सल्ला कितीतरी नेमका मिळतो.

दुसऱ्याच किडीला हा समजू नका

हड्डा भुंगा सगळ्यात जास्त फसवतो. लालसर-तांबूस, पाठीवर काळे ठिपके, पिवळ्या काटेरी अळ्या. तो आणि त्याच्या अळ्या पानाचा गर ओळीने खरवडतात, पान जाळीदार कागदासारखं होतं. तिथे सुटी गोल भोकं नसतात. लवकर येणाऱ्या करप्याचे डाग तपकिरी असतात आणि त्यात एकात एक वर्तुळं दिसतात. डागाचा मध्य वाळून फुटला की लांबून भोकच वाटतं, पण वर्तुळं पाहिली की संशय फिटतो. मोठी, वेडीवाकडी भोकं आणि पानावर विष्ठा असेल तर पानं खाणारी अळी शोधा.

मातीखाली

भुंगेऱ्याची मादी झाडाच्या बुडाशी मातीत अंडी घालते. आठ-दहा दिवसांत बारीक, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघतात, मुळांवर दोन ते चार आठवडे जगतात, तिथेच कोष करतात आणि नवे भुंगेरे वर येतात. सगळं मिळून साधारण दीड महिना. म्हणजे आज बांधावर पाहिलेल्या भुंगेऱ्यांची पुढची पिढी बटाटा काढणीला येण्याच्या आतच वर निघू शकते. तेव्हा झाडं मोठी असतात, पानं भरपूर असतात, थोड्या भोकांनी फरक पडत नाही. तरी कंद पोसायच्या काळात पान म्हणजे कारखाना, म्हणून आठवड्याची फेरी बंद करू नका.

लावणीनंतर चाळीस दिवसांनी बांधाकडची दोन-तीन झाडं खुरपीने मुळासकट उकरा आणि पांढऱ्या गोणीवर माती झाडा. दोन-चार मिलिमीटरच्या, दोऱ्यासारख्या अळ्या दिसल्या तर वहीत लिहा. जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी म्हणजे हुमणी, तो वेगळा विषय.

काढणीच्या वेळी खराब बटाटे एका बाजूला काढून त्यातले दहा-बारा चाकूने कापून बघा. सालीवर केसासारख्या नागमोडी रेषा आणि सालीखाली बारीक तपकिरी सुया शिरल्यासारख्या खुणा असतील तर पिसू भुंगेऱ्याच्या अळीचा संशय घ्या. आत काळपट विष्ठेने भरलेलं रुंद बोगद्यासारखं भोक असेल तर ती पाकोळी नावाच्या बटाट्यावरच्या पतंगाची अळी, आणि आपल्याकडे साठवणुकीत बटाटा सडवणारी मुख्य कीड तीच. ती दिसली तर त्या ढिगातला माल साठवायला घेऊ नका, आधी विका.

आणि काढणीनंतर मातीत राहिलेले बारके बटाटे गोळा करा. उन्हाळ्यात पाणी मिळालं की ते उगवतात आणि वांगी संपल्यावर भुंगेऱ्याला तेवढाच आसरा होतो. आमच्याकडे हे काम पोरं करतात, टोपलीमागे दहा रुपये. त्या दिवशी नकाशाच्या पानावर कोणत्या बाजूने भुंगेरे आले त्याला लाल पेनाने बाण काढून ठेवतो. पुढच्या ऑक्टोबरात त्या बाजूला बटाट्याऐवजी हरभऱ्याच्या चार ओळी पडतात.